दाब हवेचा, निकाल इंधनाचा : फॉर्म्युला वनच्या टर्बो युगाची कथा

१/
५ मे १९८५. इटलीतील इमोला. सान मारिनो ग्रां प्रीच्या ६० फेऱ्यांपैकी अखेरच्या काही फेऱ्या उरल्या होत्या. आघाडीवर असलेल्या आयर्टन सेनाची लोटस एकाएकी मंदावली आणि थांबली. इंजिन शाबूत होते, टायर शाबूत होते. टाकी मात्र कोरडी पडली होती.

२/
आघाडी फेरारीच्या स्टेफान योहान्सनकडे आली. घरच्या प्रेक्षकांचा जल्लोष विरतो न विरतो तोच त्याचेही इंधन संपले. अलँ प्रोस्टने रेषा प्रथम ओलांडली. पण त्याची गाडी २ किलो हलकी भरली आणि तो बाद ठरला. विजय एलिओ दे अँजेलिसला मिळाला. आपली बंद पडलेली गाडी ढकलत रेषेपार नेणारा तिएरी बुत्सेन दुसरा आला.

३/
जगातील सर्वांत वेगवान गाड्यांवर ही पाळी का आली? उत्तरासाठी १९६६ च्या नियमाकडे जावे लागते. साधे इंजिन असल्यास ३ लिटर, आणि हवा दाबून भरणारे असल्यास १.५ लिटर, अशी क्षमतेची मर्यादा त्यात होती. दुसऱ्या पर्यायाकडे कित्येक वर्षे कोणी फिरकले नाही.

४/
१९७७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे रेनॉने टर्बोची गाडी उतरवली. ती वारंवार धूर सोडून बंद पडे. प्रतिस्पर्ध्यांनी तिला ‘पिवळी किटली’ असे नाव ठेवले. १ जुलै १९७९ रोजी दिजाँ येथे जाँ-पिएर जाबुईने हीच जातकुळी विजयी केली आणि चेष्टा थांबली.

५/
टर्बोचे तत्त्व सोपे आहे. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरते आणि ते ताजी हवा सिलिंडरात कोंबते. पण १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा दुप्पट केली, तर इंधनही दुप्पट द्यावे लागते. शक्ती शेवटी इंधनातूनच येते.

६/
खरी अडचण येथे सुरू होते. ज्या नळीत इंधन फवारायचे, तिच्यातच आता हवेचा प्रचंड दाब असतो. त्यामुळे इंधनाचा दाबही हवेच्या दाबाबरोबर चढता ठेवावा लागतो. शिवाय दाब वाढला की पंपाची पुरवठ्याची क्षमता घटते. म्हणजे गरज सर्वाधिक असते, नेमका तेव्हाच पंप थकतो.

७/
वेळही अपुरा. मिनिटाला १२,००० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाचे एक पूर्ण आवर्तन सेकंदाच्या शंभराव्या भागात संपते. तेवढ्यात इंधन कमी पडले, तर मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटतो. यालाच नॉकिंग म्हणतात. त्याच्या तापाने पिस्टनला भोक पडण्यास काही क्षण पुरतात.

८/
बीएमडब्ल्यूने यावर अंकीय संगणकाचा उपाय योजला. पाउल रोशे यांचे चार सिलिंडरचे इंजिन साध्या मोटारीच्या ठोकळ्यावर उभे होते. त्याच्या इंधनाचे माप बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घेई. जून १९८२ मध्ये डेट्रॉईटला याच इंजिनासह नेल्सन पिके शर्यतीस पात्रही ठरला नाही. पुढच्याच रविवारी माँट्रिऑलला तो जिंकला.

९/
मग खुद्द इंधनच बदलले. १९८३ मध्ये बीएएसएफच्या विंटरशाल या उपकंपनीने टॉल्युईनचे मोठे प्रमाण असलेले मिश्रण दिले. टॉल्युईन नॉकिंगला दाद देत नाही, त्यामुळे हवेचा दाब आणखी वाढवता आला. त्याच वर्षी पिके विश्वविजेता झाला. टर्बो गाडीतून हा मान मिळवणारा तो पहिलाच.

१०/
पात्रता फेरीपुरती शक्ती पुढे १,००० अश्वशक्तीपलीकडे गेली. नियामकांनी टाकीला हात घातला. १९८४ पासून शर्यतीत इंधन भरण्यास बंदी आली आणि एका शर्यतीस २२० लिटरची मर्यादा लागली. सुमारे ३०० किलोमीटरच्या शर्यतीत हे ‘ॲव्हरेज’ लिटरला जेमतेम १.४ किलोमीटर पडते. इमोलाची शोकांतिका या आकड्यात होती.

११/
नियमाने लिटर मोजले होते, वजन नव्हे. ही फट संघांनी ताबडतोब हेरली. थंड केलेले इंधन आकसते, म्हणून ते गार करून भरले जाऊ लागले. टॉल्युईनचा दुसरा गुणही आता मोलाचा ठरला : ते पेट्रोलपेक्षा जड असते, त्यामुळे त्याच्या प्रत्येक लिटरात अधिक ऊर्जा मावते.

१२/
१९८६ मध्ये मर्यादा १९५ लिटरवर आली. चालकासमोर उरलेल्या इंधनाचा आकडा झळके. ॲडलेडच्या अंतिम शर्यतीत प्रोस्टचे यंत्र सांगत होते की इंधन पुरणार नाही. तो वेग कमी न करता धावत राहिला. यंत्राचा हिशेब चुकला आणि विश्वविजेतेपद प्रोस्टचे झाले.

१३/
१९८८ मध्ये १५० लिटर आणि हवेला २.५ बार अशी दुहेरी वेसण आली. होंडाने ८४ टक्के टॉल्युईन आणि १६ टक्के हेप्टेनचे इंधन वापरले. ते सहजी वाफ होत नाही, म्हणून फवारण्यापूर्वी ते तापवले जाई. आधी गार करून भरणे, मग तापवून जाळणे, असा हा प्रवास! मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या.

१४/
१९८९ पासून टर्बोवर बंदी आली. पण अकरा वर्षांत प्रश्नच पालटला होता. आरंभी तो ‘इंजिनाला अधिक इंधन कसे पाजावे’ असा होता; शेवटी ‘एका लिटरातून अधिक काय काढावे’ असा झाला. पहिल्याने शक्ती दिली, दुसऱ्याने विजेतेपदे.

१५/
२०१४ मध्ये टर्बो फॉर्म्युला वनमध्ये परतला. या वेळी शर्यतीसाठी इंधनाची मर्यादा होती १०० किलो, आणि इंधनाच्या प्रवाहाची तासाला १०० किलो. लिटरचा उल्लेखच नव्हता. गार इंधनाची आणि जड टॉल्युईनची युक्ती नियम लिहिणाऱ्यांच्या पक्की स्मरणात राहिली होती.