गीतरामायण आणि त्याचे श्रोते

ग. दि. माडगूळकर ऊर्फ गदिमा (१९१९–१९७७) यांनी लिहिलेली आणि सुधीर फडके (१९१९–२००२) यांनी स्वरबद्ध केलेली ५६ गीतांची मराठी मालिका. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ती १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाली आणि पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी, संपली. आखणी ५२ आठवड्यांची होती. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने चार गीते वाढली. मराठी सुगम संगीतात एकाच कवीची आणि एकाच संगीतकाराची इतकी लांब आणि इतकी लोकप्रिय दुसरी रचना दाखवता येत नाही. तिच्याबद्दलची श्रोत्यांची मते मात्र सुरुवातीपासून आजपर्यंत एकसारखी राहिलेली नाहीत. कारण पहिल्या श्रोत्यांनी जे ऐकले आणि पुढच्यांनी जे ऐकले, त्यांत बराच फरक आहे.

पुणे केंद्र तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे होते. त्याचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले होते. केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांनी माडगूळकरांकडे वर्षभर चालेल अशा कार्यक्रमाची मागणी केली, आणि चित्रपटांसाठी झपाट्याने गाणी, कथा, संवाद लिहिण्याची सवय असलेल्या गदिमांनी ती मान्य केली. हा झपाटा किती उपयोगी पडला ते पहिल्याच गीताच्या किश्शातून कळते. लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला, ध्वनिमुद्रणाची वेळ तोंडावर आली, तेव्हा लाडांनी रागावलेल्या कवीला खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि थोड्याच वेळात गीत पुन्हा लिहून मिळाले. सांगणाऱ्यागणिक किश्शातली मिनिटे कमीजास्त होतात, गाभा तोच राहतो.

गीत शुक्रवारी सकाळी पावणेनऊला प्रथम लागे. शनिवारी आणि रविवारी त्याच वेळी पुन्हा. रेडिओ घरोघरी नव्हता, तो बाळगायला परवाना लागे. त्यामुळे वाड्यातल्या ज्या बिऱ्हाडी रेडिओ, तिथे शेजारपाजार जमे. काही घरांत रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून गीत ऐकले जाई. दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’च्या वेळी १९८७ मध्ये देशाने जे पाहिले, ते पुण्याने तीन दशके आधी ध्वनीवर अनुभवले होते. नवे गीत वाजले की पुण्यातली वृत्तपत्रे त्याचे शब्द छापत. लोक कात्रणे जपून ठेवत आणि पुनःप्रसारणाच्या वेळी ती समोर घेऊन बसत. श्रोत्यांचा अभिप्राय मोजायची याहून चांगली पट्टी शोधूनही सापडणार नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीला, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने सगळी गीते पुस्तकरूपात काढली.

या पहिल्या श्रोत्यांच्या कानी पडले ते अनेक गळ्यांचे रामायण होते. रामाच्या गीतांना फडक्यांचा आवाज, सीतेला माणिक वर्मा, कौसल्येला ललिता फडके; शिवाय वसंतराव देशपांडे, मालती पांडे, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर, राम फाटक, सुरेश हळदणकर. मालिकेत ३२ पात्रे बोलतात. निवेदक कवी फारसा मध्ये येत नाही, पात्रे आपल्या तोंडून आपली बाजू मांडतात. नाट्यसंगीतावर वाढलेल्या पुणेकराला ही मांडणी परकी वाटण्याचे कारण नव्हते. सेतुबंधनाच्या गीतात वानरांचा समूहस्वर आहे, नावाड्यांच्या गीतात लोकगीताचा ठेका. आणि चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते यमन कल्याणातले गीत तर मालिकेतले सर्वांत आवडते ठरले. त्यात देव बोलत नाही, थोरला भाऊ बोलतो. अश्रद्ध श्रोत्यालाही गीतरामायण आपले वाटते ते बहुधा याचमुळे.

पुढे चित्र पालटले. फडके स्वतः ही गीते मंचावर सादर करू लागले. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनची साथ त्या मैफलींची ओळख बनली. ध्वनिमुद्रिका कंपनीने काढलेल्या दहा भागांच्या संचातही फडक्यांचाच आवाज आहे, सीतेच्या आणि कौसल्येच्या गीतांनासुद्धा. त्यामुळे १९६० नंतर वाढलेल्या पिढ्यांसाठी गीतरामायण म्हणजे बाबूजींचे, म्हणजे फडक्यांचे, स्वच्छ उच्चार आणि त्यांची पेटी. जुने जाणकार मूळ आवाजांच्या वैविध्यासाठी हळहळतात. नव्यांना एकच कथेकरी सगळी पात्रे उभी करतो यात कीर्तनाची गोडी दिसते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, तरी सुवर्णमृगासाठी हट्ट धरणाऱ्या सीतेची लडिवाळ ओढ बाईच्या गळ्यातच अधिक खुलते, हे मान्य करावे लागते. उलट, दुःख आवरून धरणाऱ्या रामासाठी फडक्यांना पर्याय नाही.

तक्रारीही आहेत. सर्वांत जुनी ऊर्मिलेची: ३२ पात्रांना वाचा मिळाली, चौदा वर्षे अयोध्येत वाट पाहणाऱ्या लक्ष्मणपत्नीला एकही गीत नाही. दुसरी गीतांच्या लांबीची. बहुतेकांना इतकी कडवी आहेत की मैफलीत गायक हमखास काही गाळतात आणि ज्यांना सगळी पाठ असतात ते खुर्चीत चुळबुळतात. तिसरा आक्षेप शेवटाचा. मंगलाची अपेक्षा धरून बसलेल्यांना गदिमा राज्याभिषेकावर सोडत नाहीत. पंचावन्नाव्या गीतात टाकलेली सीता लक्ष्मणाला जाब विचारते आणि छप्पन्नाव्यात वाल्मीकी कुश आणि लव या तिच्या दोन्ही मुलांना गायनाचा उपदेश करून पाठवतात. पहिले गीत याच मुलांच्या अश्वमेधाच्या मंडपातल्या गायनाचे असल्याने कथा वर्तुळात फिरते. हा शेवट काहींना कडू वाटला असेल, पण रचनेचे सगळे कौशल्य त्याच जोडावर आहे.

हिंदी, कन्नड, गुजराती, बंगाली, तेलुगू, सिंधी, कोकणी, संस्कृत आणि इंग्रजी या भाषांत गीतरामायणाचे अनुवाद झाले असून ब्रेल लिपीतही ते उपलब्ध झाले. फडक्यांनंतर त्यांचे पुत्र श्रीधर फडके ही गीते मंचावर सादर करत आले आहेत.