ड्युरेशन एकदा जुळवून भागत नाही

पैसे जितक्या वर्षांनी लागणार तितकं रोख्यांच्या पोर्टफोलिओचं ड्युरेशन ठेवा, मग व्याजदर चढोत की उतरोत, रक्कम पक्की: हे सूत्र आज सल्लागारांच्या तोंडी सर्रास ऐकू येतं. त्यामागचा आधार भक्कम आहे. फ्रेडरिक मॅकॉले यांनी 1938 मध्ये ड्युरेशनची व्याख्या केली. रोख्यातून येणाऱ्या प्रत्येक रकमेला किती काळ आहे, त्याची ही सरासरी. मात्र ज्या रकमेचं आजचं मूल्य जास्त, तिला वजनही जास्त. 1952 मध्ये ब्रिटिश विमागणिती फ्रँक रेडिंग्टन यांनी आयुर्विम्याच्या देण्यांसाठी हाच विचार पुढे नेला. दर वाढले की रोख्याची किंमत पडते, पण हाती येणारं व्याज चढ्या दराने गुंतवता येतं. ड्युरेशनइतक्या काळाअखेर तोटा आणि फायदा एकमेकांना भरून काढतात.

इथवर वाद नाही. वाद आहे तो ‘एकदा जुळवलं की निर्धास्त’ या निष्कर्षाशी.

दर्शनी किमतीला घेतलेला, वर्षाला 7 टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा घ्या. त्याचं ड्युरेशन साडेसात वर्षं भरतं. साडेसात वर्षांनी पैसे लागणार असतील, तर आज जुळणी अचूक आहे. वर्ष सरतं, दर 7 टक्क्यांवरच राहतात, आलेलं व्याज त्याच रोख्यात घातलं जातं. उद्दिष्टाला आता साडेसहा वर्षं उरली. ड्युरेशन मात्र जवळजवळ 7. पाच वर्षांनी उद्दिष्ट अडीच वर्षांवर येतं, तेव्हा ड्युरेशन 4.4 असतं. त्या टप्प्यावर दर एका टक्क्याने वाढले, तर रक्कम सुमारे पावणेदोन टक्क्यांनी कमी पडेल. बाजाराने काहीही वाकडं केलेलं नसताना, नुसत्या काळाने ही जुळणी मोडली.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ड्युरेशन हा एकच आकडा. पैसे कोणत्या मुदतींत विखुरले आहेत, हे तो सांगत नाही. दहा वर्षांनंतरच्या देण्यासाठी आज एक कोटी रुपये आहेत. निम्मे पाच वर्षांच्या, निम्मे पंधरा वर्षांच्या शून्य-व्याज रोख्यांत घातले. सरासरी दहा, जुळणी कागदावर निर्दोष. आता फक्त पंधरा वर्षांचा दर 7 वरून साडेसात टक्के झाला. लांबच्या रोख्यांतले पन्नास लाख 46.6 लाखांवर येतात. देण्याचं मूल्य जागच्या जागी. सगळ्या मुदतींचे दर एकसारखे हलतात हे गृहीतक सूत्र सांगताना गाळलं जातं, आणि माझ्या मते ही गफलत गंभीर आहे. म्हणून रोखे उद्दिष्टाच्या आसपासच्याच मुदतींचे हवेत. सर्वांत चोख उपाय म्हणजे नेमक्या तारखेचा शून्य-व्याज रोखा. भारतात सरकारी रोख्याचं मुद्दल आणि व्याज वेगळं करणाऱ्या ‘स्ट्रिप्स’ 2010 पासून आहेत, पण सामान्य गुंतवणूकदाराला हवी ती तारीख सहज मिळेलच असं नाही.

जुळणी वेळोवेळी पुन्हा करायला हवी म्हटलं की आक्षेप येतो: वरचेवर खरेदी-विक्री करायची तर खर्चच परतावा खाईल. आक्षेप रास्त आहे, पण तो सगळ्या वर्षांना सारखा लागू होत नाही. दहा वर्षांच्या रोख्याच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे 7 रुपये रोख ठेवले, तर 100 रुपयांचा रोखा आणि ती रोकड मिळून ड्युरेशन 6.5 येतं, म्हणजे उद्दिष्टाइतकंच. पहिल्याच वर्षी जुळणी मोडली ती व्याज पुन्हा त्याच रोख्यात घातल्यामुळे. ते 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलांत फिरवत ठेवलं, तर दुसऱ्या वर्षाअखेरही फरक नगण्य राहतो, काहीही न विकता. पाचव्या वर्षी मात्र एवढ्याने भागत नाही: एकत्रित ड्युरेशन 3.1, उद्दिष्ट अडीच वर्षांवर. तिथे लांबच्या रोख्याचा थोडा हिस्सा विकून जवळच्या मुदतीचा घ्यावा लागतो, आणि खर्च सोसावा लागतो तो तेवढ्याच विक्रीचा.