दस्त्यावरचे ओरखडे

मडिकेरीतला माझा दुसरा पावसाळा. जुलैमध्ये इथं कपडे वाळत नाहीत आणि बुटांना आतून बुरशी धरते. अशा दिवसांत शेजारचे निवृत्त सुभेदार साहेब एक लाकूड कापडात गुंडाळून घेऊन आले. जुन्या बाराबोर दुनळीचा दस्ता. लोखंडी भाग त्यांनी परवानाधारक कारागिराकडून उतरवून घेतला होता. म्हणाले, "हवालदार, कोतमध्ये तुमचा हात बसलाय. सप्टेंबरच्या आत एवढं लाकूड नवं करून द्या. मुलाची इच्छा आहे, आरशासारखं चमकलं पाहिजे."

सप्टेंबरच का, ते सांगतो. भातलावणी उरकली की सप्टेंबरच्या सुरुवातीला कोडवा लोकांचा कैलपोळ्द हा सण येतो. कैल म्हणजे हत्यार, पोळ्द म्हणजे सण. आपण खंडेनवमीला शस्त्रं पुजतो, तसंच. देवघरात बंदूक आणि ओडिकत्ती, म्हणजे त्यांचा रुंद पात्याचा कोयता, मांडतात आणि त्यावर कळलावीचं फूल ठेवतात. या फुलाला इथं तोकपू म्हणतात. तोक म्हणजे बंदूक. ज्या भाषेत फुलाचं नाव बंदुकीवरून पडलं, तिथं बंदुकीला घरात काय जागा असेल ते समजून घ्या. मुलगा जन्मला की हवेत एक बार आणि माणूस गेला की लागोपाठ दोन, ही इथली जुनी रीत. जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या याच मातीतले.

साहेबांनी मला बंदुकीची कथाही सांगितली. ती कोडगूच्या राजानं त्यांच्या पणजोबांना शौर्याबद्दल दिली. घरात चार पिढ्या हेच सांगत आल्या.

कामाला लागलो. दस्ता अक्रोडाचा, पण वर कुणीतरी फर्निचरचं जाड व्हार्निश चढवलेलं. ते पॉलिशपेपरनं घासून काढणं सोपं असतं, आणि तिथंच बहुतेक दस्ते वाया जातात. घासताना लाकूडही जातं, कडा गोल होतात, मग लोखंडी पट्ट्या लाकडाच्या वर उचललेल्या दिसतात. म्हणून व्हार्निश औषधानं मऊ करून बोथट पट्टीनं उतरवलं. दाबल्या गेलेल्या खड्ड्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. वाफेनं दबलेले धागे फुगतात आणि खड्डा भरून येतो. मात्र चाकूनं कापलेली रेघ वाफेनं भरत नाही, कारण तिथले धागे तुटलेले असतात. मागचा भाग काळा पडून मऊ झाला होता. बंदूक वर्षानुवर्षं नळी वर करून उभी ठेवली की तेल ओघळून लाकडात मुरतं. तिथं खडूची पूड लावून थोडी ऊब दिली. पूड तेल ओढून घेते. असं पाच-सहा वेळा केलं.

व्हार्निश गेलं आणि खाली दोन इंग्रजी अक्षरं दिसली. नीट कोरलेली, आणि त्यांच्यावर आडव्या चाकूच्या रेघा. कुणीतरी ती खोडून काढली होती.

मला शंका आली. साहेबांच्या घरी जाऊन नळ्या पाहिल्या. खालच्या बाजूला बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे होते आणि त्यात धूर न होणाऱ्या दारूची चाचणी झाल्याची खूण. आता हिशेब करा. कोडगूचा शेवटचा राजा चिक्कवीरराजेंद्र याला इंग्रजांनी 1834 मध्ये पदच्युत केलं. धूर न होणारी दारू फ्रान्समध्ये तयार झाली 1884 मध्ये. मधली पन्नास वर्षं कुठल्याही कथेनं भरून निघत नाहीत.

मग ही बंदूक इथं राहिली कशी? 1857 नंतर इंग्रजांनी देशभर लोकांची हत्यारं काढून घेतली. 1878 च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. पण कोडवा लोकांना 1861 मध्येच सूट मिळाली होती. म्हैसूर आणि कोडगूचे कमिशनर मार्क कबन यांनी ती जाहीर केली आणि कारण दिलं, त्यांची निष्ठा. निष्ठा कुणाशी, हे उघड आहे. 1837 मध्ये कोडगूत इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, तो मोडायला मदत करणाऱ्यांना इंग्रजांनी पदकंही दिली होती. स्वतंत्र भारतानंही ही सूट ठेवली. कोडवा आणि वंशपरंपरागत जम्मा जमीन धारण करणारे लोक तिचा लाभ घेतात. 2019 मध्ये तिला 2029 पर्यंत मुदतवाढ मिळाली.

म्हणजे बंदूक राजाची नव्हती. ती इंग्रजी अमदानीतली होती आणि अक्षरं बहुधा कुणा मळेवाल्या साहेबाची.

हे सुभेदार साहेबांना सांगायचं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. फौजेत माणसाला खोटा रिपोर्ट द्यायचा नाही हे शिकवतात, आणि वडीलधाऱ्याला दुखवायचं नाही हे घरी. शेवटी ठसे त्यांना भिंगातून दाखवले आणि सालं सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. पाऊस पडत होता.

मग म्हणाले, "म्हणजे आजोबांनी विकत घेतली."

"असेल, साहेब."

"कॉफीच्या पैशातून. बायको उपाशी राहिली असेल त्या वर्षी." आणि अक्षरांवरच्या रेघांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "पण हे नाव त्यांनीच खोडलं असणार. हे घासू नका. मुलाला मी सांगतो."

मग चमक राहिली बाजूला. जवसाचं तेल तळहातानं चोळत गेलो. पातळ थर लावायचा, ऊब येईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. कोरड्या हवेत थर दोन-तीन दिवसांत सुकतो, इथल्या पावसात आठवडा लागायचा. ऑगस्ट संपेपर्यंत पाच थर झाले. एक सूचना: तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून मगच टाका.

कैलपोळ्दला मला जेवायला बोलावलं होतं. कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या रव्याचे वाफवलेले गोळे, आणि डुकराच्या मटणाचा रस्सा. देवघरात दुनळीवर तोकपू ठेवलेलं. लाकूड आरशासारखं नव्हतं, पण खोडलेली अक्षरं लांबूनही दिसत होती. साहेबांची नात आठ वर्षांची. तिनं विचारलं, "अज्जा, ही राजानं दिली ना?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाले, "तुझ्या खापरपणजोबांनी घेतली. इकडे ये, त्यांनी केलेल्या खुणा दाखवतो."