नाशिकच्या उवा आणि काचेची नळी

सन १८७६ च्या पावसाळ्यानें दख्खनला दगा दिला. नाशिक, नगर, पुणें, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें घरदार सोडून बाहेर पडलीं, आणि त्यांतील पुष्कळांनीं मुंबईची वाट धरली. दुष्काळाच्या पाठोपाठ, १८७७ सालीं, मुंबईंत एक ताप पसरला. त्याची चाल विलक्षण होती. पांचसहा दिवस रोगी भट्टीसारखा तापे, मग ताप एकाएकीं उतरे. घरचीं माणसें सुटलों म्हणून देवापुढें दिवा लावीत, आणि आठवड्याभरानें तो ताप पुन्हां दाराशीं उभा राही. इंग्रज डॉक्टर त्यास दुष्काळी ताप म्हणत. आपल्या वैद्यकीय ग्रंथांत त्यास पुनरावर्ती ज्वर असें नांव आहे.

या तापाचा छडा लावावयास ग्रँट मेडिकल कॉलेजांतील डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर पुढें झाले. शरीरशास्त्राच्या 'ग्रेज अॅनाटॉमी' या १८५८ सालच्या जगप्रसिद्ध ग्रंथांतील चित्रें ज्यांच्या हातचीं, तेच हे कार्टर. चित्रकाराचा डोळा घेऊन ते सूक्ष्मदर्शक यंत्राशीं बसले. रोग्याच्या ताज्या रक्ताच्या थेंबांत, तांबड्या पेशींच्या गर्दींतून, बूच काढण्याच्या स्क्रूसारखे पीळदार जंतु वळवळत जातांना त्यांस दिसले. ताप चढलेला असतां ते दिसत. उतरतांच नाहींसे होत. बर्लिनच्या ओबरमायर यांनीं या जंतूंचा शोध १८७३ सालीं प्रसिद्ध केला होता. दुर्दैवानें त्याच सालीं पटकीनें त्यांचा अंत झाला. कार्टर यांनीं रोग्याचें रक्त माकडांस टोंचून तोच ताप त्यांच्या ठायीं उत्पन्न करून दाखविला. पुढें खुद्द त्यांनाहि या तापानें गांठलें. तरीहि त्यांनीं काम सोडलें नाहीं, आणि १८८२ सालीं या रोगावरील त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. मात्र एका माणसाच्या रक्तांतील जंतु दुसऱ्याच्या रक्तांत जातो कसा, हें कोडें त्यांस सुटलें नाहीं.

तें सुटण्याची सुरुवात नाशिकास झाली. नाशिककरांस आपल्या गांवाच्या पुष्कळ कथा तोंडपाठ असतात. ही मात्र क्वचितच कोणास ठाऊक असते. येथील एका मिशनच्या वसाहतींत मुलांची आणि मुलींची सोय होती. तेथें पुनरावर्ती ज्वराची सांथ आली, आणि तिचा तपास डॉ. पर्सिव्हल मॅकी यांनीं केला. हेच गृहस्थ पुढें मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. त्यांनीं प्रथम साधी मोजदाद केली. १७० मुलांपैकीं १३७ मुलें तापानें पडलीं होतीं. ११४ मुलींपैकीं मात्र ३५ च. वसाहत एक, हवा एक. मग हा भेद कां? कित्येक डॉक्टरांचा संशय तेव्हां ढेंकणावर होता. मॅकी यांचें लक्ष मुलांच्या कपड्यांकडे गेलें. मुलांचे कपडे उवांनीं भरलेले होते. मुलींच्या अंगावर त्या मानानें उवा थोड्या.

मग त्यांनीं जें केलें तें किळसवाणें खरें, परंतु शास्त्राची वाट पुष्कळदां अशाच ठिकाणांतून जाते. मुलांच्या आणि मुलींच्या अंगावरील उवा वेगवेगळ्या गोळा करून, त्यांचीं पोटें फोडून त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं धरलीं. मुलांकडील उवांपैकीं शेंकडा १४ उवांत तेच पीळदार जंतु जिवंत आढळले, आणि ते वाढत होते. मुलींकडील उवांत हें प्रमाण शेंकडा ३ हूनहि कमी भरलें. हा निबंध १९०७ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें छापला गेला. शेवटचा दुवा ट्यूनिसच्या शार्ल निकोल यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९१२ च्या सुमारास जोडला: ऊ चावल्यानें रोग होत नाहीं, खाजवतांना ती चिरडते आणि तिच्या अंगांतील जंतु ओरखड्यांतून आंत शिरतात. तेव्हां औषधाइतकेंच महत्त्व उकळत्या पाण्याच्या हंड्याला आलें.

कार्टर आणि मॅकी यांस हे जंतु दिसले यांत दैवाचाहि थोडा भाग होता. या जंतूची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून अधिक. पण जाडी जेमतेम तीन-चार हजाराव्या भागाएवढी. प्रकाशाच्या लाटेच्या सुमारें निम्म्या लांबीहून जवळ असलेले दोन ठिपके भिंगांतून वेगळे दिसूं शकत नाहींत, असें जर्मनींतील येना येथील अर्न्स्ट आबे यांनीं १८७३ सालींच सांगितलें होतें. हा जंतु त्या सीमेच्या अगदीं अलीकडे उभा होता. बर्लिनमध्यें रुस्का आणि क्नोल यांनीं १९३१ सालीं इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक बनविला आणि ती सीमा ओलांडली गेली. परंतु त्यांत वस्तु निर्वात जागेंत ठेवावी लागते. पेशी तेथें सुकून मरते. जिवंत पेशीचें वर्तन पाहावयाचें, आणि पाहण्यासाठीं आधीं तिला मारावयाचें, अशी ही अडचण होती.

तींतून एक वाट कॅलिफोर्नियांतील पॉल हान्स्मा यांनीं १९८९ सालीं दाखविली. त्यांच्या यंत्रांत भिंग मुख्य नव्हे. मुख्य आहे ती काचेची निमुळती नळी. आज अशा नळीचें छिद्र मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढेंहि करतां येतें. नळींत खारें पाणी आणि एक तार, बाहेर पेशीच्या बशींत खारें पाणी आणि दुसरी तार. छिद्रांतून विद्युत्भारित कणांचा, म्हणजे आयनांचा, प्रवाह वाहतो. नळाच्या तोंडाशीं तळहात नेला म्हणजे धार कोंडते, तसा नळीचें टोंक पेशीजवळ येतांच हा प्रवाह घटतो. तो किती घटला यावरून अंतर कळतें, आणि न शिवतां तेथून मागें फिरतां येतें. आंधळ्यानें काठी जमिनीला न टेकतां रस्त्याचे खांचखळगे ओळखावे, तसाच हा प्रकार. अशा हजारों ठिकाणच्या उंचीवरून पेशीच्या पृष्ठभागाचा नकाशा तयार होतो.

लंडनमध्यें युरी कोर्चेव्ह आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं या रीतीनें जिवंत पेशी पाहिल्या. उंचसखल पेशींवर नळी आपटे, म्हणून २००९ सालीं चिमणीनें दाणे टिपावे तशी ती प्रत्येक ठिपक्यास वर उचलून पुन्हां खालीं नेण्याची युक्ति निघाली. मेंदूच्या पेशींचें गुंतागुंतीचें जाळें आणि कानांतील उभे तंतु त्यामुळें टिपतां आले. २०१० सालीं तर याच नळीनें हृदयाच्या पेशीवर नेमक्या जागीं औषध सोडण्यांत आलें. निरोगी पेशींत अॅड्रेनलिनला प्रतिसाद देणारीं एका जातीचीं ग्राहकें केवळ खळग्यांत आढळलीं. दुबळ्या झालेल्या हृदयाच्या पेशींत तीं खळगे सोडून उंचवट्यांवरहि पसरलेलीं होतीं.

नळीची चाल मात्र मंद. एका चित्रास पुष्कळदां कित्येक मिनिटें लागतात, आणि तेवढ्यांत कार्टर यांच्या थेंबांतील तो पीळदार जंतु तिच्या टोंकाखालून केव्हांच निसटून गेलेला असेल.