नगरभवनासमोरचा शोक

रस्ता सर्वांचा, हे वाक्य म्हणावयास सोपे आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात ते कितपत खरे आहे, हे सुझॅन लेसी ह्या कलावतीने १९७७ साली भर चौकात मांडून दाखविले. मे महिन्यात तिने नगरभवनाजवळच्या बाजारात शहराचे २५ फूट लांबीचे दोन नकाशे लावले. पोलिसांच्या नोंदींवरून, जेथे बलात्कार झाला तेथे ती रोज तांबडा शिक्का उमटवी आणि त्याभोवती ९ फिकट शिक्के मारी. ज्यांची फिर्याद कधीच होत नाही, अशांचा तो अंदाज होता. दुसऱ्या नकाशावर मदत मिळण्याची ठिकाणे होती.

पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच शहरात स्त्रियांचे गळे आवळून खून होऊ लागले. वृत्तपत्रांनी खुन्याला ‘हिलसाइड स्ट्रँगलर’ असे नाव देऊन बातम्या रंगविल्या. भीती घरोघर शिरली. गुन्हा पुरुषाचा आणि दार लावून बसावयाचे स्त्रियांनी! हा न्याय आपल्यालाही अनोळखी नाही.

१३ डिसेंबर रोजी लेसी व लेस्ली लाबोविट्झ ह्यांनी त्याला उत्तर दिले. एक शववाहिका, तिच्यामागे स्त्रियांच्या मोटारींची रांग, अशी ती अंत्ययात्रा नगरभवनापाशी आली. शववाहिकेतून काळ्या बुरख्यातील स्त्रिया उतरल्या. उंच शिरोवेष्टनांमुळे प्रत्येक जण सुमारे सात फूट उंच भासत होती. शोक करणारी स्त्री म्हणजे खाली वाकलेली स्त्री, ही आपली समजूत. येथे ती मान ताठ करून उभी होती. एकेकीने पुढे येऊन ह्या खुनांचा संबंध स्त्रियांवर नित्य होणाऱ्या अत्याचारांशी जोडला. अखेरीस तांबड्या वस्त्रातील एक स्त्री स्वसंरक्षणाची प्रतिनिधी म्हणून उभी राहिली.

सारी मांडणी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसाठी बेतलेली होती, हे त्या दोघींनी लपविले नाही. कलेने बातमीच्या इतके जवळ जावे काय, असे एखादा रसिक विचारील. ज्या पडद्यावरून भीती घरात आली, त्याच पडद्यावरून उत्तर धाडण्यात मला तरी कमीपणा दिसत नाही.

खुनाच्या आरोपावरून दोघे चुलत-मावस नात्यातले पुरुष १९७९ साली पकडले गेले. तत्पूर्वीच, त्या दिवशीच्या मागण्यांपैकी एक पदरात पडली होती: बलात्कारपीडितांना मदत करणाऱ्या केंद्रांचे क्रमांक टेलिफोनच्या पुस्तकात छापण्याचे टेलिफोन कंपनीने मान्य केले.