बंदूक, कॅमेरा आणि सिरपूरचे तळे

आपल्या गोव्याच्या माणसाला इंदूर आठवते ते बहुधा लताबाईंमुळे. मंगेशीचे नाव लावणाऱ्या घराण्यातली ही लेक २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात जन्मली. त्यापलीकडे आपल्याला ठाऊक असतात ते होळकर, अहिल्याबाई आणि रात्रीच्या सराफ्यातली खाऊगल्ली. मला मात्र आज या शहराबद्दल लिहायचे आहे ते वेगळ्याच कारणाने. पाण्याच्या काठावर बसून रानपाखरांचे जवळून फोटो काढणे हा छंद आता घरोघरी पोहोचला आहे. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी करमळीच्या तळ्यावर जा, पाणबदकांइतकेच कॅमेरे दिसतील! या ‘जवळून’ शब्दाला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा इंदूरपाशी सुरू होतो.

१८६६ साली रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेले लाला दीनदयाळ नावाचे तरुण गृहस्थ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम नकाशे काढण्याचे आणि खर्चाचे अंदाज बांधण्याचे. १८७४ च्या सुमारास त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला. मध्य भारतातले इंग्रज एजंट सर हेन्री डेली आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे हेच दीनदयाळ व्हाइसरॉयचे आणि हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्या काळच्या भारताचा चेहरा आज आपण पाहतो तो पुष्कळसा त्यांच्या काचांवरचा.

त्या काचा म्हणजे काय प्रकरण होते, हे आजच्या मोबाइलवाल्यांना सांगायला हवे. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत तंबूतल्या अंधारात धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. भिंगाचे झाकण काढले की काही सेकंद समोरच्याने हलता कामा नये. राजे हलत नाहीत, देवळे हलत नाहीत. पण बगळ्याला कोण सांगणार? १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात आल्या, तरी रानातला जिवंत प्राणी पकडण्याइतका कॅमेरा अजून चपळ झाला नव्हता.

मग वाघाचा फोटो जवळून निघे तो एकाच रीतीने. आधी बंदूक, मग कॅमेरा. १९०२ साली लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नीचा निजामाच्या राज्यात काढलेला फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. पुढ्यात मेलेला वाघ, मागे व्हाइसरॉयसाहेब. हा फोटो दीनदयाळांच्या नावावर आहे. मला त्यात वाघाचा चेहराच पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो, कारण त्या चित्रात तोच एक पोझ देत नाही. खुद्द इंदूरजवळच्या रालामंडळच्या टेकडीवर होळकरांचे शिकारघर आहे. १९८९ साली त्या टेकडीचे अभयारण्य झाले, त्यामुळे शिकाऱ्यांची वास्तू आता संरक्षित रानाच्या मधोमध उभी आहे.

जिवंत प्राण्याजवळ जाण्याची युक्ती इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी काढली. १९०० च्या सुमारास त्यांनी चक्क एक पोकळ बैल बनवला. खऱ्या कातड्याचा. त्याच्या पोटात माणूस कॅमेरा घेऊन बसे आणि पक्षी समोर निवांत चरत. हसू येते खरे, पण आजचे ‘लपण’ त्याच कुळातले. आपल्याकडे वनखात्यात असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार आडवी बांधून, वाघाचाच पाय लागून फोटो निघेल अशी सोय केली. त्यांचे पुस्तक १९२७ साली आले. बंदुकीचा बार जाऊन झगझगीत उजेडाचा बार आला. भाषेतून मात्र शिकार गेली नाही. इंग्रजीत फोटोलाही ‘शॉट’ म्हणतात, आणि आपली मराठी मुलेसुद्धा ‘आज काय शूट केलंस?’ असेच विचारतात.

आपल्या कायद्यानेही ही सरमिसळ नीट ओळखली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, त्यांना धक्का लावणे हेही येते. म्हणजे गोळी न झाडताही शिकार घडू शकते. काठावरच्या फोटोवाल्याने हे कलम वाचावे, आणि वाचून टिटवीकडे पाहावे. टिटवी घरटे असे बांधतच नाही. तळ्याकाठच्या उघड्या खडकाळ जमिनीवर, खड्यांच्या रंगाची तीन-चार अंडी घालते. माळव्यातला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. तेव्हा नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात. फोटोसाठी कुणी वीस मिनिटे जवळ ठाण मांडले, तर टिटवी वर घिरट्या घालत ओरडत राहते आणि खाली अंडी तापतात. फोटो मात्र सुंदर येतो.

इंदूरच्या पश्चिमेला, धारच्या रस्त्यावर सिरपूरचे तळे आहे. होळकरांच्या काळात माणसाने केलेले, पुढे शहराने वेढलेले. मी गेलो तेव्हा बरोबर एक इंदुरी मराठी काका होते. त्यांच्या मराठीत हिंदीचा गोडवा होता. मी कॅमेरा सरसावून पाण्याकडे निघालो, तर म्हणाले, “अहो, तुम्ही जाऊ नका. तुम्ही बसून तर पाहा, तो स्वतः येतो.” बसलो. अर्ध्या तासाने वारकऱ्यांचा काळा थवा पोहत पोहत इतका जवळ आला की त्यांच्या कपाळावरचा पांढरा टिळा साध्या डोळ्यांनी दिसू लागला. (कपाळावरच्या या टिळ्यानेच त्यांना वारकरी म्हणत असावेत, असा माझा आपला तर्क.)

पण बसायला तळे तर हवे! सिरपूर एकेकाळी अतिक्रमणाच्या आणि सांडपाण्याच्या तावडीत होते. ते वाचावे म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, त्यांत भालू मोंढे यांचे नाव पुढे आहे. हे शिल्पकार आणि छायाचित्रकार. शिल्प आणि छायाचित्रण या कलांसाठी २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’ ही त्यांची संस्था. एका छायाचित्रकाराने तळ्यासाठी झगडावे, याला माझ्या लेखी फार मोल आहे. तळ्यावर पाखरे येतात हे कचेरीतल्या साहेबाला पटवायचे तर फोटोसारखा दाखला दुसरा नाही. दीनदयाळांच्या काळी फोटो हा शिकारीचा पुरावा होता; सिरपूरला तो जागेच्या हक्काचा पुरावा ठरू शकतो.

३ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने देशातल्या दहा पाणथळींना रामसरचा दर्जा मिळाल्याचे जाहीर केले. त्या यादीत १६१ हेक्टरचे सिरपूर होते आणि आपल्या कुडचड्याचे ४२ हेक्टरचे नंदा तळेही होते, गोव्यातले पहिलेच रामसर स्थळ. लताबाईंनंतर इंदूर आणि गोवा पुन्हा असे एका ओळीत आले. जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरबरोबर पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतात हा मान पहिल्यांदा या दोघांनाच. आता दोन्ही तळ्यांवर गर्दी वाढणार हे उघड आहे. मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला ओढून आणणारे वाढतील. त्या पाखराला वाटते, आपल्या हद्दीत परका घुसला. ते खाणे सोडून, पिल्ले सोडून धावत येते. कीर्टनबंधूंचा बैल यापेक्षा सभ्य म्हणायचा. नंदा तळ्याच्या काठी कुठवर जावे याची रेघ कुडचडेकरांनी आताच आखावी. इंदूरकरांचे ऐकून घ्यायला त्यांना एक दिवसाचा प्रवासही पुरे.

दुसऱ्या दिवशी काका मला यशवंत सागरला घेऊन गेले. गंभीर नदीवरचा हा जलाशय होळकरांचाच, इंदूरच्या पिण्याच्या पाण्याचा. इथे सारस राहतात. उभा सारस माणसाएवढा, पण गवतात लांबवर दोन करड्या रेघा हलल्या तेवढेच मला दिसले. काकांनी दुर्बीण दिली. जोडी होती. मी फोटो काढला. त्यात पाणी आहे, लव्हाळे आहे, पलीकडे गव्हाची शेते आहेत आणि नीट शोधले तर ते दोघे आहेत.