हॅरिसची लोकर : एका घरधंद्याचा इतिहास

कापडाचा इतिहास सांगावयाचा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम माग उभा राहतो. ते स्वाभाविक आहे. माग जागा अडवतो, त्याचा आवाज होतो, आणि पुष्कळ ठिकाणी विणकर हा पुरुष असल्यामुळे त्याचे नाव दप्तरात सापडते. परंतु मागावर ताणा चढण्यापूर्वी लोकर निवडणे, धुणे, रंगवणे, पिंजणे आणि कातणे ही जी कामे व्हावी लागतात, त्यांतच श्रमांचा फार मोठा वाटा खर्च होतो. ही कामे घरातल्या स्त्रिया चुलीशेजारी बसून करीत. त्यांची नोंद कोण ठेवणार? आज ज्या धंद्याविषयी बोलावयाचे आहे, त्याचा सगळा झगडा या नोंद न झालेल्या भागातच झाला.

स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरात बेटांची एक लांब माळ आहे. तिला आउटर हेब्रिडीज म्हणतात. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाच्या उत्तर भागाला लुइस आणि दक्षिण भागाला हॅरिस हे नाव आहे. बेट एकच, नावे दोन. लोकांची भाषा गेलिक. हॅरिसचा पुष्कळ भाग म्हणजे उघडा खडक. तेथील क्रॉफ्टर, म्हणजे जमिनीच्या एवढ्याशा तुकड्यावर जमीनदाराचे कूळ म्हणून राहणारा शेतकरी, बटाटे लावी, मासे धरी आणि मेंढ्या पाळी. खंड भरणाऱ्या कुळाला जमिनीवरून हुसकू नये एवढा साधा हक्क मिळायलाही १८८६ सालचा कायदा व्हावा लागला.

१८४६ साली बटाट्यावर रोग पडला आणि या बेटांवर उपासमार आली. त्याच सुमारास हॅरिसच्या जमीनदाराची विधवा पत्नी लेडी डनमोर हिने आपल्या मरे घराण्याचा चौकटीचा नमुना तेथील विणकरांकडून विणून घेतला, आणि माल पसंत पडल्यावर आपल्या ओळखीच्या बड्या लोकांत तो खपवण्यास सुरुवात केली. शिकारीला आणि मासे धरायला जाणाऱ्या उमरावांना हे जाड, ऊबदार कापड फार आवडले. या धंद्याच्या प्रत्येक हकिकतीत लेडीसाहेबांची ही कथा पहिल्या पानावर असते. ती खोटी नाही. पण तिने बाजार मिळवून दिला, कापड नव्हे. कापड त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतच होते.

ते कसे होत होते, हे जरा सविस्तर पाहू.

आपल्याकडे धनगराच्या दख्खनी मेंढीची लोकर बहुधा जात्याच काळी, म्हणून घोंगडीला रंगाची गरज सहसा पडत नाही. हॅरिसची मेंढी पांढरी. तेव्हा रंग द्यावयाचा तो माणसानेच. आणि तो कापडाला किंवा सुताला न देता कातण्यापूर्वी मोकळ्या लोकरीलाच देत. यात मोठी युक्ती होती. घरच्या हंड्यात, शेणीसारख्या जळणाऱ्या पीटच्या विस्तवावर रंग कधी सारखा बसत नाही. तळची लोकर गडद होते, वरची फिकी राहते. सूत किंवा कापड असे रंगले तर ते डागाळलेले म्हणून वाया जाईल. मोकळी लोकर पुढे पिंजली जाते आणि तिच्यात गडद व फिके एकजीव होते. एवढेच नव्हे, तर दोन-तीन रंगांची लोकर ठराविक प्रमाणात एकत्र पिंजून हवी ती छटा साधता येते. हॅरिसच्या कापडाकडे लांबून पाहिले तर ते नुसते तपकिरी किंवा राखी दिसते. जवळून पाहावे तर एकाच धाग्यात चार-पाच रंगांचे तंतू सापडतात. ज्या गुणासाठी लंडनचा गिऱ्हाईक पैसे मोजी, तो गुण मागावर नव्हे, हंड्यात आणि पिंजणीत तयार होई.

लोकरीला अंगची चरबी असते. ती धुऊन काढल्याशिवाय रंग नीट धरत नाही. मग रंग. तपकिरी रंगासाठी खडकावर उगवणारे ‘क्रॉटल’ लागे. हे क्रॉटल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच जवळचे भाईबंद! बायका जुन्या चमच्याने ते खडकावरून खरवडून आणीत. तीन पायांच्या लोखंडी हंड्यात एक थर लोकरीचा, एक थर क्रॉटलचा असे थर लावून पाणी भरीत आणि कित्येक तास मंदपणे उकळत ठेवीत. फार ढवळायचे नाही, ऊन-थंड एकदम करायचे नाही. नाहीतर लोकर आटून तिचा नमदा होतो. क्रॉटलला तुरटीची गरज नसते, ते आपोआप पक्के बसते. हेदर नावाच्या झुडपापासून पिवळा रंग मिळे, पण त्याला तुरटी हवी. तांबड्या रंगासाठी एका रानवेलीची मुळे खणून काढीत. मुळे काढली की किनाऱ्याची वाळू मोकळी होऊन वाऱ्याने उडून जाई, म्हणून काही ठिकाणी त्यावर बंदीच घालावी लागली. निळ्यासाठी मात्र परदेशची नीळ. ती शिळ्या मूत्राच्या कुंडात विरघळवून वापरीत. त्यातला अमोनिया या कामाला मदत करतो. नाक मुरडण्याचे कारण नाही, इतरही पुष्कळ ठिकाणी निळारी हेच करीत.

क्रॉटलचा एक वास कापडाला कायमचा राही आणि पारखी माणसे त्यावरून माल ओळखीत. कोळी मात्र क्रॉटलने रंगवलेले मोजे घालून समुद्रावर जात नसत. जे खडकावरून आले ते खडकाकडे परत जाते, अशी त्यांची समजूत होती.

रंगलेली लोकर वाळवून, पिंजून काढावयाची. धुण्यात चरबी गेलेली असते, म्हणून आता तिला वरून तेल लावावे लागे. दोन दातेरी फण्यांमध्ये थोडी थोडी लोकर धरून विंचरायची आणि तिचे पेळू वळायचे. पेळू चांगला तर धागा चांगला. कातण्याहूनही हे काम कंटाळवाणे, हात भरून आणणारे. आणि धंदा वाढू लागला तेव्हा तो अडला तोही येथेच. एका मागाला सूत पुरवायचे तर चार-पाच घरांचे चरखे फिरत राहावे लागतात, आणि तेवढ्या चरख्यांना पेळू पुरवणारे हात कोठून आणावयाचे?

पैशाचीही रड होतीच. कापड पुष्कळदा गावचा दुकानदार घेई आणि मोबदला रोख न देता चहा, साखर, पीठ अशा मालात देई. भाव दोन्हीकडचे तोच ठरवणार. उसनवारीत गुंतलेल्या बाईला दुसऱ्याकडे माल नेण्याची सोय नसे. आपल्या खेड्यांतल्या वाण्याची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे फार समजावून सांगायला नको.

१९०० च्या सुमारास उत्तर हॅरिसचे मालक सर सॅम्युअल स्कॉट यांनी टार्बर्टजवळ लोकर पिंजण्याची छोटी गिरणी काढली. थोड्याच वर्षांत लुइसमधील स्टॉर्नोवे येथेही तशी गिरणी निघाली. व्यवस्था साधी होती. बाईने घरी लोकर धुवावी, रंगवावी, कोणत्या रंगाची किती हे ठरवून पोत्यात भरून गिरणीत पाठवावी. मजुरी द्यावी आणि पेळू घेऊन घरी कातायला बसावे. कातणारीवर अवलंबून असलेला, तिच्या सोयीसाठी निघालेला असा हा छोटा धंदा. त्याला कोणी विरोध केला नाही आणि करण्याचे कारणही नव्हते. ज्यांनी हाताने पिंजले आहे त्यांनीच त्याचे स्वागत केले.

पण यंत्राला पिंजता येते म्हटल्यावर कातताही येणारच. स्टॉर्नोवेच्या गिरणीत लवकरच सूतही निघू लागले. मुख्य भूमीवरच्या गिरण्यांचे सूत तर आधीच येत होते. तेव्हा नाव राखण्यासाठी १९०९ साली हॅरिस ट्वीड असोसिएशन स्थापन झाली आणि १९१० साली गोल व क्रूस ही तिची व्यापारमुद्रा नोंदली गेली. मुद्रेची व्याख्या अशी : बेटांवर हाताने कातलेले, हाताने विणलेले, आणि हातानेच रंगवून तयार केलेले कापड. पिंजण्याचा शब्द तीत नव्हता. हा नजरचुकीचा प्रकार नसून व्यवहाराला दिलेली मान्यता होती, असे मला वाटते. कारण तोपर्यंत पुष्कळ लोकर गिरणीत पिंजली जात होती आणि ती वगळली असती तर मुद्रेला कापडच मिळाले नसते.

पुढची पंचवीस वर्षे ही व्याख्या टिकली, पण बाजारात तिची ओढाताण चालू होती. लुइसचे विणकर गिरणीचे सूत विणीत. ते मुद्रेविना विकले जाई आणि स्वस्त पडे. हाताने कातलेले सूत अपुरे आणि महाग. अखेर १९३४ साली व्याख्या बदलली : स्कॉटलंडची शुद्ध नवी लोकर, बेटांवर कातलेली व रंगवलेली, आणि बेटवासीयांनी आपापल्या घरी हातमागावर विणलेली. कातणे आणि रंगवणे यांच्यामागचा ‘हाताने’ हा शब्द गेला. विणकराला याचा लाभ झाला यात शंका नाही. १९६६ साली सुमारे ७६ लाख वार कापड निघाले, तेवढे चरख्यावर कधीच निघाले नसते. पण त्या आकड्यात हंडा, फण्या आणि चरखा सांभाळणारी बाई नाही. तिचे उत्पन्न विणकराच्या किंवा गिरणीच्या मजुराच्या खिशात गेले; कधी तो तिचा नवरा असे, कधी नसे.

१९६४ साली एडिंबरोच्या न्यायालयात लॉर्ड हंटर यांनी निकाल दिला की मुख्य भूमीवरच्या सुताचे कापड हॅरिस ट्वीड नव्हे. १९९३ साली पार्लमेंटने कायदाच केला. त्यात लोकर स्कॉटलंडचीच हवी ही अट राहिली नाही, पण ती बेटांवर रंगवली व कातली पाहिजे हे राहिले. ‘हाताने’ हा शब्द फक्त विणण्याला लावलेला आहे.

हाताने कातण्यास कायद्याची मनाई मात्र कधीच नव्हती. हॅरिसमधील प्लोक्रापूल येथील मॅरिअन कॅम्पबेल या बाई (१९०९–१९९६) क्रॉटल खरवडण्यापासून कापड विणण्यापर्यंतची सगळी कामे स्वतः जुन्या रीतीने करीत राहिल्या. १९०९ साली ठरलेल्या व्याख्येत पूर्णपणे बसणारे कापड त्यांच्या मागावर निघत होते.